घरपट्टीचा बोजा आणि दिवाळखोराची मालमत्ता



'नादारी' हा शब्द आपल्या मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ज्या मुलाच्या पालकांना फी देणे शक्य नसे त्याला नादारी मिळे, आणि गुणवान पण गरीब विद्यार्थ्याच्या आयुष्यात त्या एका शब्दाला केवढे मोल असे, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगावयास नको. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ 'ज्याच्यापाशी काही नाही तो' एवढाच आहे. हाच शब्द कायद्याच्या मराठीत ऋण फेडण्यास असमर्थ झालेल्या मनुष्यासाठी रूढ झाला. शाळेतील नादाराला समाज काही देतो. न्यायालयातील नादाराकडे जे उरले असेल ते समाज वाटून घेतो. ते वाटून घेताना पहिला हात कोणाचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातही एका विशिष्ट धनकोचा विचार मी करणार आहे. तो धनको म्हणजे आपले गाव, आपली नगरपालिका. आणि त्याचे येणे म्हणजे घरपट्टी, ज्याला आपण बडोदेकर गुजरातीच्या सहवासाने सर्रास 'वेरा' म्हणतो.

विषय रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु गावातील दिवे, गटारे, पाणी आणि प्राथमिक शाळा ज्या पैशावर चालतात त्यांपैकी मोठा भाग याच कराचा असतो. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला, तेथील शाळेला तरी हा विषय परका वाटू नये.

प्रश्न काय आहे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखानदाराचे दिवाळे निघाले. त्याची जागा व इमारत लिलावात एक कोटी रुपयांस विकली गेली. बँकेने त्या जागेच्या गहाणावर दिलेले नव्वद लाख येणे आहे. मजुरांचे तीस लाख येणे आहे. नगरपालिकेची घरपट्टी पंधरा लाख थकली आहे. येणे एकूण एक कोटी पस्तीस लाख, आणि हाती आहे एक कोटी. पस्तीस लाख कोणाचे तरी बुडणार, हे निश्चित. ते कोणाचे बुडावे, हे दिवाळखोरीचा कायदा ठरवितो. व्यापारी जगात हा कायदा ऋणकोला मुक्त करणारा म्हणून ओळखला जातो. पण त्याचे निम्मे काम तोटा वाटण्याचे आहे.

या तीन धनकोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बँकेने कर्ज देण्यापूर्वी माणूस पारखला, कागद पाहिले, तारण घेतले. मजुराला तेवढी मोकळीक नव्हती. तरी पगार थकल्यावर काम सोडण्याचा मार्ग त्याला निदान कागदावर होता. नगरपालिकेला यांपैकी काहीच नव्हते. तिने हा ऋणको निवडलेला नाही. कर थकला म्हणून त्या इमारतीला लागलेली आग विझविण्याचे ती नाकारू शकत नाही, की दारासमोरचा रस्ता उचलून नेऊ शकत नाही. म्हणजे ती इच्छेविरुद्ध धनको झालेली असते. या एका गोष्टीमुळे जगातील बहुतेक कायद्यांनी घरपट्टीला काही ना काही विशेष संरक्षण दिले. ते किती द्यावे, याविषयी मात्र मते सतत बदलत गेली.

राजाचे देणे आधी

ऋणकोची मालमत्ता अपुरी पडली तर कोणाला आधी द्यावे, याचा विचार आपल्या धर्मशास्त्र-अर्थशास्त्रकारांनीही केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात सर्वसाधारण नियम असा की, ज्या क्रमाने ऋण घेतले त्या क्रमाने ते फेडावे; परंतु राजाचे आणि श्रोत्रियाचे द्रव्य आधी द्यावे. याज्ञवल्क्यस्मृतीने हाच क्रम मानला, मात्र ब्राह्मणाला पहिले आणि राजाला त्यानंतरचे स्थान दिले. राजकोशाला सामान्य सावकाराच्या पंक्तीत बसवू नये, ही कल्पना अशी जुनी आहे.

इंग्रजांच्या कायद्यातही राजाचे येणे इतरांच्या आधी हा दंडक होता. तथापि गावाची पट्टी हे राजाचे येणे नव्हे. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. इंग्लंडमध्ये १८८८ च्या अग्रक्रमाच्या देण्यांसंबंधीच्या कायद्याने सरकारी करांबरोबर स्थानिक पट्ट्यांनाही अग्रक्रम दिला, पण मर्यादा घालून. दिवाळे निघण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत देय झालेल्या पट्टीलाच तो अग्रक्रम होता. त्यामागील विचार उघड आहे. जी संस्था वर्षानुवर्षे वसुली करीत नाही तिच्या आळसाची किंमत इतर धनकोंनी का द्यावी?

हिंदुस्थानात हा कायदा आला तो अधिक उदार होऊन. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा इलाखा शहर नादारी अधिनियम झाला, आणि उर्वरित मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. पहिल्याच्या कलम ४९ मध्ये आणि दुसऱ्याच्या कलम ६१ मध्ये अग्रक्रमाने द्यावयाच्या देण्यांत सर्वांत वर सरकारची आणि 'कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाची' देणी ठेवली गेली. बारा महिन्यांची मर्यादा येथे नव्हती. त्याच कलम ६१ मध्ये कारकून, नोकर व मजूर यांच्या चार महिन्यांच्या पगाराला जो अग्रक्रम होता तो केवळ वीस रुपयांपर्यंत! विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यकर्त्यांच्या दृष्टीने कोणाचे पैसे पवित्र होते, याचा हा बोलका पुरावा आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला होता. बाल्यावस्थेतील त्या नगरपालिकांना सरकारच्या शेजारी मानाचे आसन मिळाले, एवढे खरे.

बोजा आणि अग्रक्रम

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. अग्रक्रम म्हणजे रांगेतील जागा. दिवाळखोराची जी मालमत्ता मोकळी आहे, गहाण नाही, तिच्या वाटपात कोण पुढे उभा राहील, एवढेच अग्रक्रम ठरवितो. बोजा ही वेगळी वस्तू आहे. बोजा माणसावर नसून मालमत्तेवर असतो, आणि ती जेथे जाईल तेथे तिच्याबरोबर जातो. आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नादारीच्या जुन्या कायद्यात प्रतिभूत धनकोला, म्हणजे तारण असलेल्या धनकोला, रांगेत उभे राहण्याची गरजच नव्हती. तो आपले तारण विकून पैसे वसूल करी आणि बाजूला होई. १९२० च्या अधिनियमातील प्रतिभूत धनकोच्या व्याख्येत गहाण, बोजा आणि धारणाधिकार हे तिन्ही शब्द आहेत. तेव्हा नगरपालिकेला रांगेतील पहिली जागा मिळाली तरी, गहाणदार बँक रांगेबाहेरूनच घास घेऊन जाई. त्या बँकेच्याही आधी हात घालावयाचा तर नगरपालिकेला बोजाच हवा होता.

तो बोजा नगरपालिकांच्या कायद्यांनी दिला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१२ ने असे ठरविले की, जमीनमहसूल आधी फेडण्याच्या अटीवर, मालमत्ता कर हा त्या इमारतीवरील व जमिनीवरील पहिला बोजा राहील. मुंबई प्रांतातील इतर महानगरपालिकांसाठी जो १९४९ चा अधिनियम झाला, ज्याखाली अहमदाबाद व बडोदे येथील महानगरपालिकांचा कारभार आला, त्याच्या कलम १४१ मध्ये हीच तरतूद उतरली. 'पहिला' हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेचे गहाण दहा वर्षे जुने असो आणि घरपट्टी गेल्या वर्षीची असो; बोजा पहिला म्हटला की तो गहाणाच्या वर बसतो.

आपल्या उदाहरणाकडे पाहू. बोजा मान्य झाला तर नगरपालिकेला पूर्ण पंधरा लाख, बँकेला पंच्याऐंशी, मजुरांना शून्य. बोजा नाही पण १९२० चा अग्रक्रम आहे असे धरले तर बँकेला नव्वद, उरलेले दहा लाख बहुतांशी नगरपालिकेला, आणि मजुरांना नाममात्र. कोणत्याही मार्गाने गेलो तरी मजूर रिकाम्या हाती परततो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अहमदाबादचा खटला

कागदावर भक्कम दिसणाऱ्या या बोजाची परीक्षा आपल्या शेजारच्या अहमदाबादेत झाली. तेथील एक घरमालक आर्थिक अडचणीत येऊन नादारीच्या कारवाईत सापडला. त्याच्या मालमत्तेवर १९५० च्या सुमाराच्या काही वर्षांची घरपट्टी थकली होती. पुढे ती मालमत्ता लिलावात एकाने विकत घेतली. महानगरपालिकेने जुन्या थकबाकीसाठी तिच्यावर जप्ती आणली, तेव्हा खरेदीदार न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे की, मी किंमत मोजली आहे आणि या थकबाकीची मला काहीच कल्पना नव्हती.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९७१ मध्ये निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. आधार होता मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १००. या कलमात १९२९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने असे ठरविले होते की, दुसऱ्या एखाद्या कायद्यात स्पष्ट शब्दांत तसे म्हटले नसेल तर, मोबदला देऊन व बोजाची जाणीव नसताना मालमत्ता घेणाऱ्याविरुद्ध बोजा बजावता येणार नाही. महानगरपालिकेच्या कायद्याने बोजा निर्माण केला होता खरा. पण अजाण खरेदीदारावरही तो चालेल, असे त्यात स्पष्ट म्हटले नव्हते. शहरातील प्रत्येक घराला पट्टी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा खरेदीदाराने चौकशी करावयास हवी होती, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने म्हटले की, अशी जाणीव होती असे सरसकट गृहीत धरता येत नाही. तो प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

या निकालाकडे मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहतो तेव्हा मला त्यात नगरपालिकेचा पराभव जितका दिसतो तितकाच तिच्या दप्तराचाही दिसतो. थकबाकी एका वर्षाची नव्हती. घर नादारीच्या कारवाईत असताना, लिलाव पुकारला जात असताना, आपला बोजा वेळीच पुढे मांडणे हे दप्तराचे काम होते. कायद्याने हाती दिलेले शस्त्र गंजू दिले तर ते ऐन वेळी म्यानातून निघत नाही.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा

व्यक्तींचे दिवाळे आणि कंपन्यांचे दिवाळे यांचे कायदे आपल्याकडे वेगळे वाढले. कंपन्यांसाठी १९१३ च्या कायद्याने, आणि नंतर १९५६ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम ५३० ने, इंग्लंडप्रमाणे बारा महिन्यांची मर्यादा स्वीकारली. केंद्र वा राज्य सरकारचे किंवा स्थानिक प्राधिकरणाचे कर व पट्ट्या कंपनी गुंडाळण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत देय झाल्या असतील तेवढ्यांनाच अग्रक्रम होता.

नंतर कापडगिरण्यांचा पडता काळ आला. अहमदाबाद, मुंबई, इंदूर, बडोदे या शहरांनी तो पाहिला आहे. गिरणी बंद पडे, बँका तारण घेऊन जात, आणि तीस-तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला कामगार अवसायकाच्या दारी खेटे घाली. १९८५ मध्ये संसदेने कलम ५२९-अ घातले आणि कामगारांच्या देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीने, इतर सर्वांच्या आधी स्थान दिले. १९२० मध्ये ज्या मजुराची किंमत वीस रुपये ठरली होती, त्याला पासष्ट वर्षांनी न्याय मिळाला. परंतु त्याच दुरुस्तीने स्थानिक पट्टीचा अग्रक्रम एक पायरी खाली उतरला, ही बाब त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

२००९ मध्ये पश्चिम बंगालमधील एका अवसायनात गेलेल्या कंपनीच्या मालमत्तेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला त्याने हे चित्र पूर्ण झाले. लिलावात मालमत्ता घेणाऱ्याकडून आधीच्या काळातील नगरपालिकेचा कर मागता येणार नाही; नगरपालिकेने आपले येणे अवसायकापुढे मांडावे, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे बोजाची वाट अरुंद झाली आणि रांगेतील जागा मागे गेली.

दोन देश, दोन वाटा

या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखेच नाही, हे दाखविण्यासाठी दोन देशांची उदाहरणे देतो.

इंग्लंडमध्ये १९८२ साली सर केनेथ कॉर्क यांच्या समितीने नादारीच्या कायद्याचा मूलगामी आढावा घेतला. अग्रक्रम जितके कमी तितके सामान्य धनकोंना बरे, या विचाराने स्थानिक पट्ट्यांचा अग्रक्रम काढून टाकण्यात आला. १९८६ च्या नादारी अधिनियमाच्या यादीत त्या नाहीत. १८८८ साली दिलेले संरक्षण तेथे शंभर वर्षांच्या आतच संपले.

अमेरिकेची वाट नेमकी उलट दिशेने गेली. तेथील कौंटी, नगरे आणि विशेषतः सार्वजनिक शाळांची मंडळे स्थावर मालमत्तेवरील करावर फार अवलंबून असतात. हा कर थकला की मालमत्तेवर कायद्यानेच बोजा बसतो. १९३८ च्या सुधारणेने काही वैधानिक बोजे वेतनाच्या व कारभारखर्चाच्या मागे ढकलले होते. तथापि स्थावरावरील करबोजा त्यातून सुटला होता. १९७८ च्या नव्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ७२४ ने मात्र मालमत्ता विकून वाटप करण्याच्या प्रकरणांत सर्वच करबोजांना मागे सारले. कारभारखर्च, वेतन आदी अग्रक्रमाची देणी त्या बोजाच्या रकमेतून आधी भागवावीत, असे ठरले. परिणाम विचित्र झाला. गहाणदार बँकेचे काही गेले नाही. वकिलांचे शुल्क आणि कारवाईचा खर्च मात्र शाळेच्या व गावाच्या हक्काच्या पैशातून निघू लागला.

स्थानिक संस्थांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच सर्व धनकोंचे हात बांधले जातात. १९९४ मध्ये अशी सूट दिली गेली की, अर्जानंतर देय होणाऱ्या मालमत्ताकराचा बोजा त्या मनाईतही बसू शकेल. २००५ मध्ये मूल्याधारित मालमत्ताकराचे बोजे कलम ७२४ च्या खाली ढकलण्याच्या नियमातून वगळले गेले. थकबाकीवरील व्याजाचा दर न्यायालयाच्या मर्जीने न ठरता मूळ करकायद्याप्रमाणे ठरेल, अशीही तरतूद झाली. मात्र एका गटाचा हक्क तेव्हाही शाबूत राहिला: ठरावीक मर्यादेपर्यंत कामगारांचे वेतन व त्यांच्या कल्याणनिधीची देणी या बोजाच्याही आधी देता येतात. गाव बँकेच्या आधी, आणि मजूर गावाच्या आधी, असा तो विवेक आहे.

२०१६ ची संहिता

आता आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासाकडे वळू. २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता संमत झाली. आजारी कंपनी वर्षानुवर्षे सडत ठेवण्याऐवजी ठरावीक मुदतीत ती नव्या हाती सोपवावी, अथवा विकून पैसे वाटावेत, हा तिचा उद्देश. आणि तो स्वागतार्हच आहे. तिच्या कलम ५३ मध्ये वाटपाच्या पायऱ्या दिल्या आहेत. सर्वांत वर कारवाईचा खर्च. त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणारे प्रतिभूत धनको, दोघे बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन. मग तारण नसलेले वित्तीय धनको. सरकारचे येणे यानंतर, पाचव्या पायरीवर, आणि तेही दोन वर्षांचे.

या पाचव्या पायरीचे शब्द लक्षपूर्वक वाचावेत. तेथे केंद्र सरकार आहे, राज्य सरकार आहे. स्थानिक प्राधिकरण नाही. याच संहितेत अन्यत्र, व्यवहारजन्य ऋणाच्या व्याख्येत, स्थानिक प्राधिकरणाची देणी नावानिशी आली आहेत. म्हणजे विधिकारांना त्यांचा विसर पडला होता असे म्हणता येत नाही. १९०९ मध्ये सरकारच्या मांडीला मांडी लावून बसलेली नगरपालिका २०१६ मध्ये 'उर्वरित देणी' या सहाव्या पायरीवर आली. आपल्या उदाहरणात बँकेने तारण सोडून दिले असे धरले तर, खर्च वजा न करताही, बँकेला पंचाहत्तर लाख, मजुरांना पंचवीस लाख आणि नगरपालिकेला शून्य मिळते.

मग जुन्या बोजाचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने कलम ३१ मध्ये असे घातले गेले की, मंजूर झालेली पुनर्रचना योजना स्थानिक प्राधिकरणांसही बंधनकारक राहील. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, योजनेत ज्या देण्याचा समावेश नाही ते देणे, मग ते सरकारचे असो वा स्थानिक संस्थेचे, कायमचे विझते. सप्टेंबर २०२२ मध्ये रेनबो पेपर्स प्रकरणात त्याच न्यायालयाने गुजरातच्या मूल्यवर्धित कर कायद्याखालील वैधानिक बोजाला तारण मानले आणि राज्याला प्रतिभूत धनकोचा दर्जा दिला. हे तत्त्व घरपट्टीलाही लावता आले तर नगरपालिका दुसऱ्या पायरीवर चढेल. आपल्या उदाहरणात तिला सुमारे अकरा लाख मिळतील. परंतु जुलै २०२३ मध्ये रामन इस्पात प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने तो निर्णय त्याच्या वस्तुस्थितीपुरता मर्यादित ठरविला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळ निर्णयाविरुद्धचे फेरविचार अर्जही फेटाळले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने असे स्पष्टीकरण सुचविले की, पक्षांमधील करारातून निर्माण झालेले तारण तेवढेच तारण. केवळ कायद्याच्या बळावर उत्पन्न होणारा बोजा नव्हे. १८८८ च्या कलम २१२ पासून चालत आलेल्या कल्पनेचा दिवाळखोरीच्या क्षेत्रातील शेवट या एका वाक्यात आहे.

मुंबई महानगरपालिकेचे एक प्रकरण या संदर्भात बोधप्रद आहे. अंधेरीतील महानगरपालिकेची जमीन रुग्णालयासाठी भाड्याने दिली होती. ती कंपनी नादारीत गेल्यावर पुनर्रचना योजनेत त्या जमिनीचा वापर गृहीत धरला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, महानगरपालिकेच्या कायद्याने लागणारी परवानगी डावलून तिच्या मालकीच्या जमिनीवर असे अधिकार निर्माण करता येणार नाहीत. मालक म्हणून शहराचा शब्द टिकला. करवसूल करणारे म्हणून त्याचे येणे मात्र सहाव्या पायरीवर राहिले.

हिशेब कोणाचा?

या साऱ्याचे मोल नगरपालिकांना आज अधिक जाणवते, कारण त्यांचे इतर मार्ग आटले आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आणि कामांची लांब यादी हाती दिली. उत्पन्नाची बाजू मात्र आखडत गेली. गुजरातेत २००७ मध्ये जकात गेली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. भरपाईसाठी वरच्या सरकारकडे पाहावे लागते. स्वतःच्या हाताने बसवावयाचा आणि वसूल करावयाचा मोठा कर असा घरपट्टीच उरली.

तरीही नगरपालिकेची बाजू मांडताना दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बँकेच्या मागे ठेवीदार असतो, आणि तोही पुष्कळदा निवृत्त शिक्षकच असतो. छुपा बोजा व्यवहाराचा विश्वास घालवितो. म्हणूनच १९२९ ची दुरुस्ती झाली. पंधरा वर्षांची थकबाकी एकदम पुढे करणारी नगरपालिका ही स्वतःच्या दुर्लक्षाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकीत असते. आणि आमच्या उदाहरणातील मजुरांना २०१६ च्या क्रमाने जे पंचवीस लाख मिळाले ते १९८५ पूर्वीच्या कोणत्याही क्रमाने मिळत नव्हते, हे विसरून चालणार नाही. नगरपालिकेचे आसन परत मागताना ते मजुराच्या पाटाखालून ओढून घ्यावयाचे नाही.

माझ्या अल्पमतीनुसार इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अमर्याद अग्रक्रम टिकत नाही. १९०९ चा टिकला नाही. १८८८ च्या इंग्रजी कायद्यातील बारा महिन्यांसारखी मर्यादा असलेले संरक्षण अधिक न्याय्य आहे. दोन किंवा तीन वर्षांच्या घरपट्टीचा बोजा मान्य करावा, त्यापूर्वीचा सोडावा. दुसरी, बोजा उघड असावा. आज नोंदवह्या संगणकावर आल्या असताना थकबाकीची नोंद खरेदीदाराला व बँकेला सहज दिसेल अशी ठेवणे अवघड नाही. अहमदाबादच्या खटल्यातील 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर मग कोणालाच देता येणार नाही. तिसरी, क्रम लावताना मजूर आधी, गाव नंतर आणि बँक त्यानंतर, हा अमेरिकेने २००५ मध्ये काही अंशी स्वीकारलेला विवेक आपणही विचारात घ्यावा. आपल्या उदाहरणात असा क्रम लावला तर मजुरांना तीस, गावाला पंधरा आणि बँकेला पंचावन्न लाख मिळतील. बँकेचा तोटा मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तिघांपैकी जोखीम पारखून, तिचे व्याज आकारून व्यवहारात उतरलेली तीच एक आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर नगरपालिकेच्या हाती एक गोष्ट आहे, ती म्हणजे जागरूकता. कंपनी नादारीत गेल्याची जाहीर सूचना निघते, आणि दावा ठरलेल्या मुदतीत मांडावा लागतो. न मांडलेला दावा विझतो. करविभागातील एका कारकुनाने ती सूचना वाचली की नाही, यावर पंधरा लाख अवलंबून असतात.

विद्यार्थिमित्रांनो, कोणाला दिवाळखोर ठरविले जाते तेव्हा लोक त्या माणसाकडे पाहतात. आपल्या जुन्या पेढ्यांवर दिवाळे निघाले की भरदिवसा दिवा लावून ठेवीत, अशी सांगी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे की येथे आता देवघेव नाही. त्या दिव्याभोवती जमणाऱ्या धनकोंत सावकार असे, आडत्या असे, नोकर असे. गाव तेथे आलेले नसे, कारण गावाला स्वतःचे पाय नसतात. त्याच्या वतीने कोणीतरी जावे लागते. पुढे आपल्यापैकी कोणी वकील होईल, कोणी नगरसेवक, कोणी करविभागात नोकरीस लागेल. त्या वेळी गावाच्या वतीने उठून उभे राहण्याची वेळ आली, तर हे व्याख्यान आठवावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ज्या गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनीही कित्येक नादार मुलांच्या वतीने असेच उभे राहून त्यांची फी माफ करून घेतली असेल. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.